पैसे भरून सगळ्यात शेवटी

बंडप्पा कळंबच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते, तेव्हा त्यांच्या केबिनच्या खिडकीखाली पत्र्याचा एक डबा असायचा. डब्यात रुमाल. चौकड्याचे, भरतकामाचे, घामट, अत्तर लावलेले. एकदा तर एका नवरदेवाचा, नारळाभोवती गुंडाळायचा जरीचा रुमालसुद्धा त्यात येऊन पडला होता.

गाडी फलाटाला लागते न लागते तोच पळत जायचं, खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा आणि मग दारातून निवांत चढायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. बंडप्पांना ती बघवायची नाही. लाईनीत उभी असलेली म्हातारी उभीच राहते आणि ज्याला पळता येतं तो बसतो, हे त्यांच्या डोक्यात जायचं. ते स्वतः गाडीत चढायचे, रिकाम्या सीटवरचे रुमाल गोळा करायचे आणि आणून डब्यात टाकायचे. ज्याचा त्यानं येऊन न्यावा. न्यायला येणाऱ्याला रुमाल मिळायचा, पण आधी भाषण मिळायचं.

"रुमालाचं तिकीट काढलंय का? न्हाय ना? मग त्यो बसला कसा?"

निम्मे लोक भाषणाच्या भीतीनं रुमाल सोडून द्यायचे. उरलेले ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायचे. बंडप्पांनी निवृत्तीच्या दिवसापर्यंत हार मानली नाही, लोकांनीही मानली नाही.

एकदा एका पुढाऱ्याचा माणूस केबिनमध्ये आला. साहेबांच्या मामांना सोलापूरला जायचंय, पुढची एक जागा धरून ठेवा म्हणाला. बंडप्पा म्हणाले, "मामांना लाईनीत उभं करा. ऊन लागत असंल तर छत्री मी धरतो. जागा न्हाय धरत." आणि खरोखर ते छत्री घेऊन मामांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मामा एवढे लाजले की गाडीत जागा मिळाल्यावरही बराच वेळ उभेच होते म्हणतात.

घरच्यांनाही सूट नव्हती. त्यांची बायको शिवगंगा माहेरी नळदुर्गला निघाली की हातात पिशवी घेऊन लाईनीत उभी राहायची. कंडक्टर म्हणायचा, "वैनी, चढा की पुढून. साहेबांचीच गाडी हाय."

शिवगंगाबाई शांतपणे म्हणायच्या, "गाडी साहेबांची न्हाय, महामंडळाची हाय."

निवृत्तीच्या दिवशी आगारातल्या लोकांनी बंडप्पांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि वर कोऱ्या रुमालांचा एक खोका दिला. सगळे पोट धरून हसले. बंडप्पाही हसले. पण ते रुमाल त्यांनी जपून वापरायला काढले. धोब्याच्या घडीचा एक रुमाल कायम खिशात असायचा.

त्यांची लेक महेश्वरी पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आईनं अजून समुद्र पाहिला नाही, ही गोष्ट तिला बरीच वर्षं खुपत होती. नळदुर्गच्या किल्ल्यातला धबधबा हेच शिवगंगाबाईंनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी. म्हणून लेकीनं मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या जहाजाची दोन तिकिटं काढली. दोन रात्री, खिडकीची खोली, जेवणखाण आत. हे सगळं सांगून झाल्यावर ती फोनवर म्हणाली, "अप्पा, अजून थोडे भरले तर बंदरावर लाउंज मिळतं. वेगळी बसायची जागा, चहा-नाश्ता, आणि जहाजात सगळ्यांच्या आधी सोडतात. घेऊ का?"

"खोलीला नंबर पडलाय का?" बंडप्पांनी विचारलं.

"पडलाय."

"मंग त्या नंबरावर दुसरं कुणी बसतंय का?"

"नाही हो. खोली आपलीच."

"मंग आधी जाऊन काय करू? रिझर्वेशनवाला कधी पळतो का गाडीमागं?"

"अप्पा, पळायचं नाहीये. आरामात बसायचंय. आईचा गुडघा..."

"आईला मी बसवतो की कुठंतरी. पन पैसे दिले म्हणून लाईनीतल्या माणसाच्या पुढं घुसायचं? ते काय वेगळं हाय? रुमालच त्यो. नोटांचा रुमाल."

महेश्वरी हसली आणि म्हणाली, "बरं, राहिलं." अप्पांच्या डोक्यातून रुमाल काढणं तिला लहानपणापासून जमलेलं नव्हतं.

तसं पाहिलं तर बंडप्पांचं म्हणणं चूक नव्हतं. खोली ठरलेली, जहाज ठरलेलं, सगळे चढल्याशिवाय ते हलणार नाही. मग आधी चढून मिळतं काय? चूक झाली ती दुसरीकडंच, आणि ती केवळ एसटीत हयात घालवलेल्या माणसाकडूनच व्हावी अशी होती. तिकिटावर बंदरावर हजर व्हायची वेळ अकरा लिहिलेली होती. बंडप्पांच्या लेखी तिकिटावरची वेळ म्हणजे गाडी हलायची वेळ. आणि गाडीत पाय ठेवला की सीट आपली. म्हणजे अकराला खोली हातात, असा त्यांनी स्वतःशी ठाम हिशेब केला आणि कुणाला विचारलं नाही. कंट्रोलरनं गाडीची वेळ दुसऱ्याला विचारायची म्हणजे काय!

जायच्या दिवशी पहाटे ते दोघं पुण्यात लेकीकडं होते. खाली भाड्याची गाडी येऊन उभी होती. शिवगंगाबाईंची अंघोळ झाली होती आणि त्या पूजेला बसायच्या तयारीत होत्या.

त्यांची पूजा म्हणजे गळ्यातल्या लिंगाची. लहानपणी गुरूंनी दीक्षा देऊन गळ्यात बांधलेलं लिंग, चांदीच्या छोट्या डबीत, छातीपाशी. रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं, थोडा वेळ डोळे मिटून बसायचं. हे होईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही. लिंग बंडप्पांच्याही गळ्यात होतं. पण पहाटेच्या ड्यूट्या करून करून त्यांची पूजा आखूड झाली होती. कपाळावर तीन बोटं विभूती, हात जोडले, की चहा. शिवगंगाबाईंचं तसं नव्हतं. बाळंतपणात दवाखान्याच्या खाटेवरसुद्धा त्यांनी पूजा केल्याशिवाय तोंडात काही घातलं नव्हतं.

"आत्ता बसू नगंस," बंडप्पा घड्याळ बघत म्हणाले. "घाटात अडकलो तर जहाज निघून जाईल. अकराला खोली मिळती. खिडकीत बस, समुद्राकडं तोंड कर, निवांत पूजा कर."

शिवगंगाबाई क्षणभर थांबल्या. समुद्राकडं तोंड करून पूजा, हे त्यांना आवडलं असावं. "बरं," म्हणाल्या आणि तांब्या, विभूती, लेकीच्या कुंडीतलं बेलाचं पान, धुतलेलं पातळ असं सगळं एका कापडी पिशवीत भरलं.

वाटेत गाडी थांबली तेव्हा बंडप्पांनी वडापाव खाल्ला. शिवगंगाबाई खिडकीतून डोंगर बघत राहिल्या.

बंदराच्या दारातच हमाल सामान घेत होते. प्रत्येक बॅगेला खोलीच्या नंबराची चिठ्ठी बांधायची आणि पुढं सोडून द्यायची, ती थेट खोलीपाशी येते. ही व्यवस्था बंडप्पांना मनापासून पटली. चिठ्ठ्या त्यांनी स्वतः बांधल्या, एसटीच्या पार्सलला बांधतात तशा दुहेरी गाठीच्या. दोन बॅगा गेल्या. मग शिवगंगाबाईंच्या हातातली कापडी पिशवीही त्यांनी घेतली आणि तिलाही चिठ्ठी बांधली.

"अवो, ती राहू द्या."

"ओझं कशाला वागवतीस? आत्ता वर गेलो की हातात."

पिशवी पट्ट्यावरून हलत हलत रबरी पडद्याच्या आत गेली.

आत हॉल. कळंबचा आख्खा स्टँड त्यात चार वेळा मावला असता. दोऱ्या लावून केलेल्या वळणावळणाच्या रांगेत माणसंच माणसं, लेकरं, टोप्या, गॉगल. खुर्च्या भिंतीकडेला थोड्या, त्या आधीच भरलेल्या. बाहेरचा दमट उकाडा दारातून आत येत होता. बंडप्पा खुशीत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. लाईन कशी झकास, वळणदार. असले दोर कळंबला मिळाले असते तर!

तेवढ्यात गणवेशातला एक तरणा कर्मचारी रांगेशेजारून सांगत चालला होता. "बोर्डिंग दुपारी सुरू होईल. नंबरप्रमाणे सोडतील. रूम त्याच्यानंतर तयार होतात. तोपर्यंत वर डेकवर थांबायचं. बॅगा संध्याकाळपर्यंत रूमच्या दारात येतील."

"संध्याकाळपर्यंत?" बंडप्पांनी त्याला अडवलं. "अवो, अकराची वेळ हाय न्हवं?"

"ती रिपोर्टिंगची वेळ, काका. इथं यायची." आणि तो पुढं गेला.

उतारावर ब्रेक दाबावा आणि पाय थेट तळाला जावा, तसं बंडप्पांचं झालं. त्यांनी हळूच बायकोकडं पाहिलं. तिनं ऐकलं होतं. तिचा हात पदराआड गेला आणि चांदीच्या डबीवर मिटला. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर बंडप्पांना ती मूठ ओळखता येत होती.

"लई भूक लागलीय का?"

"भुकेचं काय एवढं."

"इथंच कडंला बसून करतीस का? पाण्याची बाटली आनतो."

"इथं? ह्या बुटाचपलांत? लोकांच्या बॅगा अंगाला घासून चालल्यात. लिंग हातावर घेतलं आन् कुणाचा धक्का लागला म्हंजी?"

पुढचं त्या बोलल्या नाहीत. लिंग हातातून खाली पडणं ही त्यांच्या घरात तोंडानं उच्चारायची गोष्ट नव्हती.

"तुम्ही खावा कायतरी," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "न्हाय तर राहू द्या. तुमचं वडापावावर भागलं असंल."

टोमणा मारण्याइतकी शक्ती शिल्लक आहे, हे एक बरं होतं. पण बंडप्पांना गेल्या हिवाळ्यातलं ते लग्न आठवलं. असाच पूजेला उशीर झाला होता आणि शिवगंगाबाई मांडवात घेरी येऊन पडल्या होत्या. धाराशिवच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की शुगरच्या माणसानं इतका वेळ उपाशी राहायचं नाही. शिवगंगाबाईंचा चेहरा आताही ओढलेला दिसत होता. कपाळावर घाम होता आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकणं चाललं होतं.

रांगेत मागं सांगलीचं एक जोडपं उभं होतं. गृहस्थ गोल चेहऱ्याचे, बोलके. त्यांनी बिस्किटाचा पुडा पुढं केला. "काकू, घ्या. तोंड सुकलंय तुमचं."

"पूजा व्हायची हाय," शिवगंगाबाई हसून म्हणाल्या.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला काचेचं दार होतं. लाउंजची पाटी होती. अधूनमधून कुणीतरी यायचं, हातातला कागद दाखवायचं आणि थंडगार आत जायचं. बंडप्पांनी तिकडं पाहिलं, मान फिरवली, पुन्हा पाहिलं. मग रांगेच्या बाहेर न जाता जमेल तेवढं वाकून त्यांनी लेकीला फोन लावला.

"महेश्वरी, ते लाउंज आता मिळतं का गं?"

"कोण बोलतंय? अप्पा, तुमचा फोन चोरीला गेलाय का?"

"चेष्टा नगं. आईची पूजा राहिलीय. पिशवी मी बॅगांत दिली."

लेक त्याच क्षणी गंभीर झाली. "काउंटरवर विचारा. जागा असली तर देतात. मी पैसे पाठवते."

"पैसे हायत माझ्याकडं. चूक माझी हाय."

रांग सोडताना बंडप्पांनी मागं वळून मोठ्यानं, जवळजवळ माईकवर बोलावं तसं सांगितलं, "आम्ही लाईन सोडतोय. आमची जागा आता तुमची."

"अहो, कशाला?" सांगलीकर म्हणाले. "एखादा रुमाल बांधून जा दोरीला. आम्ही धरतो तुमची जागा."

"रुमाल न्हाय बांधायचा!" बंडप्पा एवढ्या जोरात म्हणाले की पुढची चार माणसं वळून बघायला लागली. शिवगंगाबाईंनी पदरात तोंड लपवलं. त्या हसत होत्या.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. छातीवरच्या पाटीवर नाव होतं तबस्सुम. जागा आहे म्हणाली. "बसायला सोफा मिळेल सर, चहा-कॉफी, स्नॅक्स, आणि बोर्डिंग सगळ्यात आधी."

"बोर्डिंग नगं आमाला. मोरी हाय का?"

"मोरी?"

"हातपाय धुवायला."

"वॉशरूम आहे ना, एकदम स्वच्छ."

"मंग द्या. आन् आधी सोडायचं न्हाय घेतलं, तर पैसे कमी व्हतेत का?"

तबस्सुम हसली. "ते सगळं एकत्रच असतं, काका."

पैसे भरताना बंडप्पांना वाईट वाटलं. एसटीची पेन्शन ती केवढी! पण त्याहून वाईट वाटलं ते काचेच्या दारातून आत जाताना. हॉलमधली सगळी रांग आपल्या पाठीकडंच बघतेय असं त्यांना वाटलं. मान खाली घालून ते आत शिरले. जन्मभर ज्याला भाषण दिलं, त्याच माणसाच्या बुटात आपला पाय गेलाय, असं काहीतरी.

आत गारवा होता. मऊ गालिचा, भिंतीवर टीव्ही, ताटल्या घेऊन फिरणारी माणसं, एका कोपऱ्यात मोठमोठ्यानं हसणारा मित्रांचा घोळका. बंडप्पांनी एक मोठा सोफा दाखवला. "बस. इथं बसून कर."

शिवगंगाबाईंनी सोफ्यावरून बोट फिरवलं आणि हात मागं घेतला. "कातडं हाय ह्ये."

"सगळेच?"

"सगळेच."

बंडप्पांनी कपाळाला हात लावला. पैसे भरले, मान खाली घातली, आणि बसायला मिळालं ते चामडं! चामड्यावर बसून लिंगपूजा ही बाई या जन्मी करणार नव्हती. त्यांचा चेहरा एवढा पडला की तबस्सुम स्वतःच जवळ आली. "काय झालं, काका?"

बंडप्पांनी सांगितलं. सांगताना अर्धं मराठी, अर्धं कळंबच्या बाजारातलं हिंदी. तबस्सुमला काही समजावून सांगावं लागलं नाही. "माझी अम्मी पण प्रवासात नमाजसाठी कोपरा शोधत फिरते," ती म्हणाली. "या माझ्याबरोबर."

लाउंजच्या मागच्या बाजूला लहान मुलांची खेळायची खोली होती. आज ती रिकामीच होती. प्लॅस्टिकची घसरगुंडी, रंगीत चेंडू, भिंतीवर मासे काढलेले. जमीन नुकतीच पुसलेली. बसायला लाकडाची बुटकी स्टुलं. शिवगंगाबाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि पहिल्यांदाच श्वास सोडला. "ब्येस हाय."

तबस्सुमनं स्टीलची एक वाटी आणि पाण्याची सीलबंद बाटली आणून दिली. शिवगंगाबाई हातपाय धुऊन आल्या. गुडघ्यामुळं खाली बसता येत नव्हतं, म्हणून त्या लाल स्टुलावर बसल्या.

"विभूती?" त्या म्हणाल्या.

विभूती पिशवीत, पिशवी जहाजात. बंडप्पांनी खिसे चाचपले. पाकिटाच्या आतल्या कप्प्यात कागदाची एक जुनी पुडी होती. सोनारीच्या काळभैरवाचा अंगारा. आगारातल्या एका ड्रायव्हरनं कधीतरी जत्रेहून आणून दिलेला. ड्रायव्हर लोक असा अंगारा जवळ ठेवतात आणि कंट्रोलरलाही देतात.

"चालंल का? भैरवाचा हाय."

शिवगंगाबाईंनी पुडी कपाळाला लावली. "भैरव तरी कोन? त्योच की. आन् मांडीवर पसरायला कायतरी द्या स्वच्छ."

बंडप्पांनी खिशातला रुमाल काढला. आगारानं दिलेल्या खोक्यातला, धोब्याची घडी न मोडलेला. त्यांनी तो स्वतः उलगडला आणि बायकोच्या मांडीवर नीट पसरला. चुकून हात हललाच तरी लिंग जमिनीला लागू नये. शिवगंगाबाईंनी डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले.

बंडप्पा बाहेर आले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. एक छोटी मुलगी घसरगुंडीकडं बोट दाखवत आली, तेव्हा त्यांनी हात वर करून तिला सांगितलं, "जरा थांब बेटा, फलाटावर गाडी उभी हाय." मुलीला काही कळलं नाही, पण एवढ्या गंभीर माणसापुढं ती थांबली आणि आईकडं परत गेली.

थोड्या वेळानं लाउंजमध्ये घोषणा झाली. प्रायॉरिटीवाल्यांनी निघावं. मंडळी उठली, ताटल्या ठेवल्या, दुसऱ्या दारानं जहाजाकडं निघाली. तबस्सुम बंडप्पांपाशी आली. "काका, तुमचं बोर्डिंग. आत्ता गेलात तर सगळ्यात पुढं."

बंडप्पांनी दाराच्या फटीतून आत पाहिलं. शिवगंगाबाईंचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. ओढलेला चेहरा आता सैल झाला होता.

"जाऊ द्या त्यांना," ते म्हणाले. "आमची पूजा चालू हाय."

लाउंज रिकामं झालं. मग काचेपलीकडच्या हॉलमधली मोठी रांग हलली. दोऱ्यांच्या वळणांतून माणसं एकामागून एक सरकू लागली. बंडप्पा काचेजवळ जाऊन उभे राहिले. काठीवाले आजोबा गेले, जुळी लेकरं कडेवर घेतलेलं जोडपं गेलं, टोप्यांचा एक घोळका गेला. मग सांगलीकर दिसले. त्यांनी काचेतून हात हलवला आणि भुवया उंचावून विचारलं, अजून इथंच? बंडप्पांनी हातानंच सांगितलं, व्हा पुढं, व्हा पुढं.

आणि तेव्हा त्यांच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. आपण कुणाच्याच पुढं गेलो नव्हतो. सकाळपासून लाईनीत उभा असलेला प्रत्येक माणूस आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या आधी गाडीत चढत होता. कंट्रोलरला याहून काय पाहिजे? जणू कळंबच्या फलाटावर उभं राहून ते भरलेली गाडी बघत होते आणि एकाही सीटवर रुमाल नव्हता.

आतून आवाज आला. "अवो."

शिवगंगाबाई उठल्या होत्या. कपाळावर भैरवाच्या अंगाऱ्याचे तीन पट्टे. नैवेद्याला दुसरं काही नव्हतं, म्हणून तबस्सुमनं चहाच्या टेबलावरून आणून दिलेल्या साखरेच्या पुड्या फोडून दाखवल्या होत्या. तळहातावरची चिमूटभर साखर त्यांनी नवऱ्याला दिली, चिमूटभर तबस्सुमच्या हातावर ठेवली. स्वतः दोनच दाणे जिभेवर टाकले आणि आधी पोटभर पाणी प्यायल्या.

मग केळी आली, गरम दूध आलं, तबस्सुमनं कुठून तरी साध्या भाताची आणि दह्याची वाटी मिळवली. शिवगंगाबाई सावकाश जेवल्या. बंडप्पा समोर त्या चामड्याच्या सोफ्यावर टेकून नुसते बघत होते. पुरात पलीकडं अडकलेली गाडी मध्यरात्री आगाराच्या दारात दिसली की जसं वाटायचं तसं त्यांना वाटत होतं. ड्रायव्हरला शिव्या घालाव्यात की मिठी मारावी हे तेव्हाही कळायचं नाही. इथं शिव्या खायच्या होत्या त्या त्यांनीच.

"आता बोल," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"पिशवी मी दिली. पूजा मीच मागं ढकलली. बोल कायतरी."

शिवगंगाबाईंनी वाटी खाली ठेवली. "पोट भरल्यावर माझा राग टिकत न्हाय. मघाशी विचारायचं होतं."

ते दोघं जहाजाच्या जिन्यावर पोहोचले तेव्हा मागं कुणी नव्हतं. वर जाण्याआधी बंडप्पा थांबले आणि सवयीनं मागं वळून बघू लागले.

"काय बघताय?"

"कुनी राह्यलं का."

"आपनच राह्यलोत. चला."

वरच्या डेकवर सगळी रांग पसरलेली होती. हातातल्या पिशव्या सांभाळत लोक उभेच होते, कारण खोल्या आत्ता कुठं उघडायला लागल्या होत्या. आधी चढलेले आधी उभे राहिले होते, एवढाच फरक. कठड्याजवळच्या लांबट खुर्च्यांवर माणसं कमी आणि टॉवेल जास्त. एक टॉवेल, एक टोपी, एका खुर्चीवर तर नुसता गॉगल. बंडप्पांच्या हाताला खाज सुटली.

"या, या!" सांगलीकर हाक मारत आले. "अहो, पैसे भरून सगळ्यात शेवटी चढलेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला. मग, वसूल झाले का?"

बंडप्पांनी प्रामाणिकपणे विचार केला. "सोफा कामाचा न्हाय. चहा पाणचट. आधी सोडतेत ते आमीच घेतलं न्हाय, आन् घेतलं असतं तरी इथं येऊन उभंच राहायचं होतं. पुढं जायला म्हणून कुनी पैसे भरत असंल तर भरू नयेत." ते बोलता बोलता बायकोकडं वळले. ती कठडा धरून उभी होती आणि तोंडाचा आ करून समुद्र बघत होती. "पन घटकाभर दार लावून बसायला जागा पायजे असंल, तर डोळे झाकून भरावेत. मी पुन्हा भरीन."

"बरं, काकूंना बसवा. तुमच्यासाठी एक जागा धरून ठेवलीय." सांगलीकरांनी कौतुकानं खुर्ची दाखवली. खुर्चीवर निळा टॉवेल पसरलेला होता.

बंडप्पा टॉवेलकडं बघत राहिले. शिवगंगाबाई बंडप्पांकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत लबाड हसू होतं.

"काय मंग, कंट्रोलर साहेब? बसू का उभी राहू?"

बंडप्पांनी टॉवेल उचलला. नीट झटकला, चौघडी घातली आणि दोन्ही हातांनी सांगलीकरांना परत दिला. मग खुर्ची हातानं पुसली आणि बायकोचा दंड धरून तिला समुद्राकडं तोंड करून बसवलं.

"आन् भाषण?" तिनं विचारलं.

"आज सुट्टी हाय," बंडप्पा म्हणाले आणि खुर्चीच्या पाठीला धरून तिच्यामागं उभे राहिले.